हात बोलले, चेहरा गप्प

मुलांनो, जरा एक करून बघा. तुमचा धाकटा भाऊ समोर उभा आहे असं समजा. त्याने नुकतंच दुधाचं पातेलं पालथं घातलंय, आणि तुम्हाला त्याला म्हणायचंय, "वा, काय पराक्रम केलास!" पण अट अशी, की आवाज काढायचा नाही. फक्त हात हलवायचे. 'वा'साठी एक खूण, 'पराक्रमा'साठी दुसरी. आणि चेहरा? चेहरा भिंतीसारखा कोरा ठेवायचा. केलंत? आता सांगा बरं, भावाला काय कळलं असेल? बक्षीस मिळणार म्हणून तो हात पुढे करील की नाही?

एका मुलीच्या हातून असंच काहीसं झालं. फक्त तिच्यासमोर भाऊ नव्हता, बाबा होते. आणि प्रश्न दुधाचा नव्हता, बाबांच्या नोकरीचा होता.

मुलगी दहा वर्षांची. तिच्या बाबांना जन्मापासून ऐकू येत नसे. ते एका छापखान्यात बाइंडर होते. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या सुईदोऱ्याने शिवायच्या, पाठीला सरस लावायचा, वर पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक उभं करायचं, हे त्यांचं काम. गेली वीस वर्षं ते हेच करत होते. बाबांच्या घरात सगळे हातांनी बोलत. मुलगी तर आधी बोटांनी बोलायला लागली आणि मग तोंडाने. छापखान्यातली माणसं तिला 'दुभाषीबाई' म्हणून चिडवायची, आणि तिला ते मनातून आवडायचं.

छापखान्यात कधी सभा असली की बाबांना समजावून सांगायला आई जायची. आईचं फळांचं दुकान होतं. चार दिवसांपूर्वी खोक्यावर चढून वरच्या फळीवरचं कलिंगड काढताना ती घसरली. कलिंगड वाचलं, मनगट मोडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये. एका हाताने ती बोलायची, पण ते म्हणजे अर्धे शब्द गिळून बोलल्यासारखं. त्या शनिवारी छापखान्याला पंचवीस वर्षं पुरी होत होती, आणि मालकीणबाई सगळ्यांपुढे बोलणार होत्या.

"तू जा," आई मुलीला म्हणाली. "तुला काय, बोटं भराभर चालतात."

"मी? एवढ्या लोकांसमोर?"

"लोक बाईंकडे बघतील. तुझ्याकडे फक्त बाबा बघतील."

मुलगी गेली. पण आईचं म्हणणं काही खरं निघालं नाही. सभा कागदाच्या गोदामात होती. रिमांच्या थप्प्या भिंतीला सरकवून मध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि चाळीस माणसं चाळीसच्या चाळीस दुभाषीबाईकडे बघत होती. तिने ठरवलं, हसायचं नाही, भुवया हलवायच्या नाहीत, लोक म्हणतील बघा कशी वेडीवाकडी तोंडं करतेय. मोठ्या माणसासारखं गंभीर उभं राहायचं आणि फक्त हात चालवायचे.

इथेच घोळ झाला. पण तो तिला तेव्हा कळला नाही.

मालकीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाबांच्या भाषेत मात्र त्यांचं नाव म्हणजे चष्मा कपाळावर सरकवण्याची खूण, कारण बोलायला लागल्या की त्या तसा सरकवायच्याच. त्यांनी तो सरकवला. सुरुवातीला जुन्या मशीनची आठवण झाली, पहिल्या वर्षी छत गळत होतं त्याची झाली. मुलीचे हात छान चालले होते. मग बाई म्हणाल्या,

"परवा मला एक अतिशहाणा भेटला. म्हणाला, अहो, आजकाल पुस्तकं हाताने शिवतं कोण? मी म्हटलं, अगदी बरोबर! आपल्याला शिवणारे हात हवेतच कशाला? चिकटवा आणि मोकळे व्हा! चार दिवसांत पानं सुटली तर वाचणाऱ्याने खाली वाकून गोळा करावीत, तेवढाच बिचाऱ्याला व्यायाम! चला तर, बांधणी खात्याला लावू या कुलूप. सुया, दोरे, सरसाची भांडी, सगळं फेकून देऊ खिडकीतून. आणि बाइंडरना धाडू घरी! वीस वर्षं केलंय काय त्यांनी? नुसते बसून तर होते!"

बाई भरभर बोलत होत्या. दुभाष्याचे हात नेहमी एक वाक्य मागे असतात. मुलगी पुढचं ऐकत होती आणि मागचं सांगत होती. तो अतिशहाणा तर मध्येच कुठेतरी गळून पडला. बाबांपर्यंत पोचलं ते असं: शिवणारे हात नकोत. खात्याला कुलूप. सुया बाहेर फेका. बाइंडर घरी. वीस वर्षं नुसता बसून.

आणि गोदामभर हशा पिकला.

मुलीने दचकून वर पाहिलं. सगळे हसत होते. तिला वाटलं, माझ्या बाबांना हसतायत. बाबा एकदम उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खुर्च्यांमधून वाट काढत ते बांधणीच्या खोलीत गेले, मुलगी मागोमाग. मागे बाई अजून बोलत होत्या, पण तिकडे कुणाचं लक्ष होतं!

बाबांनी एक रद्दी कागद ओढला आणि पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. 'घरी पाठवण्याची तसदी घेऊ नका. सोमवारपासून मी येत नाही.' कागदाची घडी घातली, ती मात्र इतकी नेटकी की बाहेर पाठवायच्या पुस्तकाची असावी. मुलीच्या हातात देऊन ते म्हणाले, अर्थात हातांनी, "बाईंच्या टेबलावर ठेवून ये."

तिने ठेवली. आणि दोघं घरी आले. सगळ्या वाटेत बाबांचे हात खिशात होते. ज्याचं बोलणं हातांत असतं, त्याचे हात खिशात गेले की काय समजायचं ते समजा.

घरी आईने एकेकाचं तोंड पाहिलं. "काय झालं?"

मुलीने रडत रडत सांगितलं. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या घरात डोळे मिटणं म्हणजे दार आतून लावून घेणं. आता कुणी काही म्हणो, बाबांपर्यंत पोचणार नव्हतं.

"कुलूप लावणार म्हणाल्या?" आईचा विश्वास बसेना. "मोठ्या बाई? ज्यांनी मागच्या वर्षी बाबांसाठी सुया परगावाहून मागवल्या, त्या?"

"मी माझ्या कानांनी ऐकलं, आई. मीच तर सांगितलं बाबांना!"

"बरं. मग आता मला सांग. पण असं नाही. बाई म्हणाल्या तसं. त्यांच्या आवाजात."

"कशाला?"

"सांग म्हणते ना."

मुलीने नाक पुसलं. ऐकलेलं जसंच्या तसं लक्षात ठेवायची तिला सवय होती, दुभाषीच ती. तिने बाईंचा आवाज काढला, बाईंसारखा हेल काढला. "अगदी बरोब्बर! आपल्याला शिवणारे हात हवेतच कशाला? चिकटवा आणि मोकळे व्हा!" तेवढाच बिचाऱ्याला व्यायाम, इथवर ती आली आणि आईच्या ओठांचा कोपरा हलला. खिडकीतून फेकू म्हटल्यावर तर आईने प्लास्टरचा हात तोंडावर दाबला.

"आई! तूसुद्धा हसतेस?"

"बस इथे. मला एक सांग. काल ते बारीक मिशीवाले गिऱ्हाईक आले होते. पपई दाबून दाबून बघत होते. अर्ध्या किमतीत द्या म्हणाले. मी काय म्हटलं?"

"फुकटच घ्या म्हणालीस. येताना टेम्पो आणा, दुकानही घेऊन जा म्हणालीस."

"मग? नेलं दुकान?"

"नाही. ते हसले आणि पूर्ण पैसे दिले."

"टेम्पो घेऊन आले असते तर?"

मुलीला एवढ्या रडण्यातही हसू फुटलं. "वेडे ठरले असते."

"मग तू आज टेम्पो घेऊन आलीस, बाळा," आई हळूच म्हणाली.

मग मुलगी आठवेल तसं एकेक वाक्य पुन्हा उलगडून पाहायला लागली, आणि आई विचारत गेली.

"हात हवेत कशाला, असं विचारल्यावर बाई थांबल्या? कुणी उत्तर देईल म्हणून वाट बघितली?"

"नाही. लगेच पुढे बोलल्या."

"ज्याला उत्तर हवं असतं तो थांबतो. जो थांबत नाही त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे हे त्याला माहीत असतं. मी तुला म्हणते ना, 'मी काय चार हातांची आहे?' तेव्हा तू मोजायला बसतेस का?"

"नाही."

"बरं, सुया खिडकीतून फेकणार. कुठल्या खिडकीतून?"

मुलीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बांधणीच्या खोलीला उघडणारी खिडकीच नव्हती! वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून तिथे पक्की काच बसवलेली होती. बाबांनीच आग्रह धरून बसवून घेतली होती. हे छापखान्यात कुणाला माहीत नव्हतं? बाईंनी मुद्दामच होऊ शकणार नाही इतकं फुगवून सांगितलं होतं.

"आणि बाबा वीस वर्षं नुसते बसून होते," मुलगी स्वतःशीच म्हणाली. "ते तर सगळ्यांनाच माहितीये, की खोटं आहे." ती ताडकन उठली. "आई! सगळ्यांना माहीत असलेलं खोटं कुणी सगळ्यांसमोर उघड उघड बोलतं का? म्हणजे बाईंना त्याच्या उलटंच म्हणायचं होतं!"

"हसलं कोण कोण?"

"सगळेच. शिलाईवाली मावशी तर खुर्चीतून पडायची बाकी होती."

शिलाईवाली मावशी बाबांच्याच खात्यात, बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायची. खात्याला कुलूप लागलं असतं तर आधी तिचा घास गेला असता. आणि ती हसत होती.

मुलांनो, या सगळ्याला मोठ्या पुस्तकांत मोठी नावं आहेत. उलट बोलून टोचणं तो उपरोध. राईचा पर्वत करून सांगणं ती अतिशयोक्ती. पुढे शाळेत ती पाठ करालच. त्या मुलीला तेव्हा एकही नाव येत नव्हतं, पण तिला एवढं लख्ख दिसलं, की बाईंनी त्या अतिशहाण्याचंच म्हणणं उचललं होतं, ओढून ओढून हास्यास्पद केलं होतं आणि सगळ्यांसमोर आपटलं होतं. पडला होता तो. बाबा नव्हे.

"मग माझं चुकलं कुठे?" तिने विचारलं. "मी एकही शब्द बदलला नाही."

"चेहरा कसा ठेवला होतास?"

मुलीने दाखवला. गंभीर, सरळ, शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखा.

बाईंच्या आवाजात जे होतं ते बाबांच्या भाषेत चेहऱ्यावर असतं. भुवई चढली की प्रश्न, ओठ मुडपला की थट्टा. मुलीने बाबांना अतिशहाणा सोडून बाकी सगळे शब्द दिले होते आणि त्यांचा आवाज मात्र गोदामातच ठेवून आली होती.

ती बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. डोळे मिटलेलेच. तिने टेबलावर थाप मारली. टेबल हादरलं की बाबांना कळायचं, पण ते हलले नाहीत. मग ती लाकडी जमिनीवर दोन्ही पायांनी उड्या मारायला लागली. धाड! धाड! खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, छत पाडता का आमचं?"

"नाही पाडत, काका!" आईने खिडकीतून उत्तर दिलं. "पण आज जरा चालवून घ्या!"

बाबांनी डोळे उघडले. त्यांत राग होता. मुलीने चष्मा कपाळावर सरकवल्याची खूण केली आणि ती मोठ्या बाई झाली. सगळं भाषण पहिल्यापासून. या वेळी तिने अतिशहाण्याला मध्ये उभं केलं, छाती काढून, हनुवटी वर करून. मग बाई: भुवया पार केसांत, ओठ एका बाजूला, मान खोट्या कौतुकाने डोलतेय. हात हवेतच कशाला! खिडकीतून फेकू, आणि तिने बंद काचेवर आपटून परत येणारी भांडी दाखवली. ते तिचं स्वतःचं, पण इतकं चालायचं. नुसते बसून होते, म्हणताना तिने बाबा जसे दिवसभर वाकून टाके घालतात तसे टाके घालून दाखवले.

बाबा बघत राहिले. मग त्यांनी बोट वर केलं: पुन्हा.

तिने पुन्हा केलं.

"मावशी हसली?" बाबांच्या हातांनी विचारलं.

"सगळ्यात मोठ्याने."

बाबांचे खांदे खाली आले. इतका वेळ ते कानांपाशी चढून बसले होते हे ते उतरल्यावरच कळलं. त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावर दाबले, आणि त्यांच्या घशातून तो आवाज निघाला, जाड, खडबडीत, जो ते फक्त पोट धरून हसताना काढत. आईचा जीव भांड्यात पडला. मुलीचाही पडला, पण पडता पडता अडकला.

"चिठ्ठी!" ती तोंडाने आणि हातांनी एकदमच ओरडली.

तिघंही निघाली. आई एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात बाबांची चप्पल घालून. छापखाना चार गल्ल्या सोडून होता. सभा केव्हाच संपली होती, खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. बाई आपल्या खोलीत होत्या. चिठ्ठी उघडून त्यांच्यासमोर पडलेली.

"या!" बाई म्हणाल्या. "किती आनंद झाला म्हणून सांगू! वीस वर्षांनी दोन ओळी, त्याही पेन्सिलीने. मला तर नाचावंसं वाटतंय!"

बाईंचे डोळे लाल होते. मुलीने आधी ते पाहिले, आणि मग सांगितलं. नाचण्याची खूण केली, पण चेहऱ्यावर रडकुंडीला आलेल्या बाई ठेवल्या. बाबांना बरोबर समजलं. त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या.

मग आईनेच सगळा घोळ सांगितला. टेम्पोचा किस्साही सांगितला. बाई ऐकत होत्या, मध्येच हसत होत्या, मध्येच रुमालाने नाक शिंकरत होत्या.

"अहो, पुढचं ऐकायला तरी थांबायचं!" त्या म्हणाल्या. "ग्रंथालयाची चारशे जुनी पुस्तकं येतायत. सगळी उसवून, पुन्हा हाताने शिवायची. ग्रंथालयवाले मशीनला त्यांना हातही लावू देणार नाहीत. दोन नवी माणसं देतेय यांच्या हाताखाली. त्याच्यासाठी तर एवढी प्रस्तावना केली मी! आणि टाळ्यांच्या वेळी बघते, तर खुर्ची रिकामी!"

हे सरळ बोलणं होतं. मुलीने ते सरळच सांगितलं. बाबांनी 'चारशे?' असं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा भुवया खऱ्या प्रश्नाच्या होत्या.

"त्यांना विचार," बाई मुलीला म्हणाल्या, "राहणार की जाणार?"

आणि त्या थांबल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. मुलीच्या ध्यानात आलं, हा उत्तर मागणारा प्रश्न आहे. तिने तो तसाच नेला, हातांनी आणि डोळ्यांनीही, आणि तीही थांबली.

बाबांनी आईकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. मग त्यांचे हात सावकाश, अगदी न्यायाधीशासारखे हलले. "राहीन. पण एका अटीवर. बाईंनी पुन्हा कधी माझं कौतुक करू नये. मला ते झेपत नाही."

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता. त्यांना फक्त हात दिसत होते, आणि हात फार गंभीर होते.

मुलगी बोलायला निघाली आणि थबकली. ती बाबांजवळ गेली, त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. डावी भुवई किंचित वर. ओठ घट्ट मिटलेले, पण कोपऱ्याला एक सुरकुती, हसू दाबून धरल्याची. तिने आपली डावी भुवई तेवढीच वर नेली, ओठ तसेच मिटले, आवाज उगाच जाडाभरडा केला, आणि मगच मोठ्या बाईंकडे वळून म्हणाली, "राहीन, पण एका अटीवर..."